चार्ज देऊन निघालो

परतीची तारीख आम्हाला सातारा सोडायच्या आधीपासून माहीत होती. शेंगेनच्या, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या, पाहुण्या व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. उतरलो तो दिवस त्यात धरायचा आणि निघालो तोही. शिवाय २०२५ साली गणपती २७ ऑगस्टला बसणार होते, आणि आमच्या घरचा गणपती मी असताना दुसऱ्या कुणी बसवायचा प्रश्नच नव्हता. म्हणून मे संपताना जायचं आणि ऑगस्टचा तिसरा आठवडा सरायच्या आत परतायचं, असं वेळापत्रक मीच आखलं. वेळापत्रकं सांभाळण्यातच जन्म गेला. एसटीत कंडक्टर म्हणून लागलो, वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. कुठली गाडी कधी लागणार, कधी सुटणार, उशीर झाला तर प्रवाशांना काय सांगायचं, हे मला कळतं. मुलाच्या घरून निघताना काय करायचं, ते मात्र कुठल्या परिपत्रकात आलेलं नव्हतं.

मुलगा, सूनबाई आणि नातू जर्मनीत श्टुटगार्टला असतात. मुलगा मोटारींच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिथे भेटलेल्या बहुतेक मराठी पोरांचं तेच काम. नातवाला मी साहेब म्हणतो. साहेब सहा वर्षांचे, सप्टेंबरात पहिलीत जाणार. त्या राज्यातली, म्हणजे बाडेन-वुर्टेमबर्गमधली, उन्हाळी सुट्टी सप्टेंबरच्या मध्याला संपते. शाळेचा पहिला दिवस आमच्या हिशेबात बसत नव्हता. तिकीट काढताना त्याचं काही वाटलं नाही. आपल्याकडे जूनच्या पावसात पोरगं रडत शाळेत जातं आणि दोन दिवसांत गप्प होतं. त्याला आजी-आजोबा कशाला लागतात? पहिलीचा पहिला दिवस तिकडे मुंजीच्या थाटात होतो, हे तिथे गेल्यावर कळलं.

व्हिसाची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यासाठी मुलाने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन हमीपत्र दिलं होतं. फी २९ युरो. आई-वडिलांचा राहण्याखाण्याचा, आजारपणाचा आणि वेळ आली तर त्यांना परत पाठवण्याचाही खर्च मी करीन, असं जर्मन सरकारला लिहून दिलेलं. त्यासाठी पगाराच्या पावत्या दाखवल्या, घराचा करार दाखवला. त्याची मूळ प्रत टपालाने साताऱ्याला आली तेव्हा मी ती चष्मा लावून बराच वेळ बघत बसलो. वाचता एक अक्षर येत नव्हतं, खाली मुलाची सही तेवढी ओळखली. याच मुलाच्या इंजिनिअरिंगच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो. आता तो माझा जामीन. मला ते आवडलं की खुपलं, हे अजून ठरवता आलेलं नाही.

सुरुवातीचे आठवडे पाहुण्यांसारखे गेले. मुलाने रजा काढली, आम्हाला हिंडवलं. मर्सिडीजच्या संग्रहालयात लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर नेतात, आणि दार उघडलं की समोर पांढरा घोडा उभा. मग तिथून गोल गोल उतरत इंजिनाचा सगळा इतिहास. मंडळी खाली येऊन कॉफी पीत बसल्या, मी काही हलेना. बेंझच्या गाडीवर जगातली पहिली मोटारबस धावली ती १८९५ साली, जर्मनीतच, झीगन गावाजवळ. आपली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला निघाली. आणि १९५४ ते १९६९ या काळात टाटांच्या गाड्यांवर मर्सिडीजचाच तारा असायचा; मी लागलो तेव्हाचे जुने ड्रायव्हर त्या गाड्यांचं नाव निघालं की हळवे व्हायचे. हे सगळं मी साहेबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. साहेबांनी विचारलं, "आबा, तुझ्या बसचं दार आपोआप उघडायचं का?" मी म्हटलं, "कधी कधी. धावताना."

मारिएनप्लात्स नावाच्या चौकातून डोंगरावर चढणारी एक दातेरी रुळांची गाडी आहे, १८८४ पासूनची. तिच्यापुढे सायकली ठेवायला एक उघडा डबा जोडलेला असतो. साहेब आणि मी त्या गाडीने किती वेळा उगीचच वर गेलो आणि खाली आलो, याची नोंद नाही. जर्मनीभर शहरी बस आणि साध्या रेल्वेला चालणारा महिन्याचा पास ५८ युरोला होता, तो मुलाने मला काढून दिला. त्या पासाने माझ्यातला एसटीवाला पुन्हा जागा झाला.

दुसरा महिना लागला तशी घरातली कामं अंगावर आली. कुणी सोपवली नाहीत. पहिल्यांदा बाटल्या आल्या. तिकडे पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या तोंडात घालायची, ते गिळतं आणि शेवटी पैशांची चिठ्ठी देतं. मुलगा बाटल्या बाल्कनीत साठवायचा आणि जायला त्याला वेळ नसायचा. मी एके दिवशी दोन पिशव्या भरून नेल्या. परत आलो आणि पैसे व पावती टेबलावर ठेवली. मग ते माझंच खातं झालं. दुकानात माझ्यापुढे उभे असणारे सगळे माझ्याच वयाचे असायचे, हेही लक्षात आलं.

मग बालवाडीतून नातवाला आणायचं काम आलं. तिला किटा म्हणतात. तिथे आजोबा आहे म्हणून कुणी पोर हवाली करत नाही. आई-बापांनी लेखी द्यावं लागतं, की अमुक माणसाला मूल न्यायची परवानगी आहे. त्या यादीत माझं नाव चढलं, पासपोर्ट दाखवून झाला, तेव्हा कुठे बाईंनी दार उघडलं. मला हा कडकपणा फार पटला. आपल्याकडे "मी त्याचा मामा" म्हटलं की विषय संपतो.

तिसरं काम जिन्याचं. ते खरं मंडळींचं. श्टुटगार्टच्या भागात केअरवोखं नावाची एक चाल आहे, पंधराव्या शतकातल्या शहराच्या नियमांपर्यंत तिचं मूळ जातं म्हणतात. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी पाळीपाळीने आठवडाभर जिना, तळघराची वाट, समोरचा फूटपाथ झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी येऊन लटकते. आठवडा संपला की आपण ती पुढच्याच्या दारावर अडकवायची. मुलगा-सून हे काम शनिवारी रात्री घाईघाईने उरकायचे. मंडळींनी पाटी बघितली आणि पदर खोचला. तळमजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई दार किलकिलं करून बघत होत्या. दोघींना एकमेकींचं अवाक्षर कळत नव्हतं. पण त्या बाईंनी बाहेर येऊन कठड्याखालून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि मान हलवली. त्या दिवसापासून त्यांचं जमलं. कांदा-लसूण मसाल्याचा वास जिन्यात गेला तरी पुढे कुणाची तक्रार आली नाही. सूनबाईंच्या मते हे केवळ त्या एका बोटामुळे.

जुलै संपत आला आणि साहेबांच्या बालवाडीचा निरोप समारंभ आला. निरोप समारंभ म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे शाल, श्रीफळ, आणि 'सेवानिवृत्तीनंतरचं आयुष्य सुखाचं जावो' असं म्हणणारे डेपो मॅनेजर. इथे काय, तर पहिलीत जाणाऱ्या मुलांना शिक्षिका अक्षरशः उचलून दाराबाहेर फेकतात. बाहेर जाड गादी टाकलेली असते. दोघी बाई, एक हात-पाय इकडून धरते, एक तिकडून, झोका देत मोजतात, आणि पोर गादीवर. सगळे टाळ्या वाजवतात. फेकून दिलं, आता परत यायचं नाही. साहेबांचा नंबर येईपर्यंत ते एकदम शूर होते. हवेत गेल्यावर चेहरा बदलला, गादीवर पडल्यावर पुन्हा हसले. मंडळींच्या डोळ्यांत पाणी. त्यांना ते क्रूर वाटलं. मला नाही वाटलं. माझ्या निरोपाच्या दिवशी चार भाषणं ऐकून मी घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने डेपोत जाऊन उभा राहिलो. कुणीतरी उचलून गेटबाहेर टाकलं असतं तर समजलं तरी असतं.

बाईंना मी मुलाकरवी सांगितलं, की यादीतलं माझं नाव आता काढा. त्यांनी वही उघडली आणि रेघ मारली. कामात चोख बाई.

तिथून पुढे घरात सगळं परतीच्या दिशेने चाललं. बोलत कुणी नव्हतं. सूनबाई भाजी आणताना विचारायच्या, "बाबा, मोठी कोबी आणू की लहान?" आणि मध्येच थांबायच्या, कारण आम्ही दोघं गेल्यावर मोठी कोबी संपणार कशी? मुलगा ऑफिसातून लवकर यायला लागला आणि आल्यावर उगाच घरात फिरायचा. मंडळींनी मात्र कामाला हात घातला. पुरण शिजवून लहान लहान डब्यांत फ्रीजरला लावलं. थालीपीठाची भाजणी, जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. प्रत्येक डब्यावर मराठीत चिठ्ठी. कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीवर 'हे भाजीला अर्धा चमचाच' असं लिहिलं, अर्धाच्या खाली दोन रेघा मारून. फ्रीजरचा मधला खण काढला तर पुन्हा लावताना बसेना इतका भरला.

मी एक शंभर पानी वही घेतली. एसटीत बदली झाली की चार्ज द्यावा लागतो. कुठल्या कपाटाची किल्ली कुठली, कुठलं रजिस्टर कुठवर भरलंय, काय शिल्लक आहे, काय येणं आहे, हे सगळं लिहून पुढच्याच्या हाती द्यायचं आणि दोघांनी सही करायची. त्याशिवाय माणूस मोकळा होत नाही. तसा चार्ज मी मुलासाठी लिहिला. बाटल्यांच्या दोन पिशव्या भरल्या की शनिवारी सकाळी साडेआठला जावं, नऊनंतर रांग लागते. अनामत नसलेल्या काचेच्या बाटल्या रविवारी रस्त्यावरच्या डब्यात टाकू नयेत, आवाज होतो आणि रविवारी तिथे शांतता पाळतात. बाल्कनीत कोथिंबीर आणि मेथी आहे, श्रीलंकेच्या तमिळ माणसाच्या दुकानातून आणलेल्या मसाल्याच्या दाण्यांचीच आहे, पण उगवली चांगली, पाणी संध्याकाळी. साहेबांना रात्री गोष्ट सांगताना गाडी कुठल्या घाटात आहे ते लक्षात ठेवावं, कारण त्यांच्या लक्षात असतं. सध्या गाडी पसरणीच्या घाटात आहे.

मुलाने वाचलं. हसला. मग म्हणाला, "बाबा, सही कुठे करू?"

पाहुण्याला चार्ज द्यावा लागत नाही. तो आला तसा जातो. आम्हाला द्यावा लागला, म्हणजे अडीच-तीन महिन्यांत त्या घरातली चार-दोन खाती आमची झाली होती. निघताना त्रास झाला तो याचा, आणि समाधान वाटलं तेही याचंच. मुलाची बायको, मुलाचं घर, मुलाचा देश असं करत करत आपला त्या घराशी संबंध फोनपुरता उरतो. वही लिहिताना मला कळलं की या इतक्या पानांपुरता तरी तो फोनच्या बाहेर आहे.

आता त्या पहिलीच्या समारंभाबद्दल. जर्मनीत पहिल्या दिवशी शाळेत जाणाऱ्या पोराच्या हातात पुठ्ठ्याचा भला मोठा कोन देतात. शुलट्यूटे म्हणतात त्याला. पोराच्या छातीपर्यंत येतो. आत खाऊ, पेन्सिली, खेळणी. तोंड कागदाने बांधलेलं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यात काहीतरी घालायचं, पण पोराला दाखवायचं नाही. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली पद्धत आहे. साहेबांचा कोन आम्ही ऑगस्टच्या सुरुवातीलाच करायला घेतला, कारण आम्ही असेपर्यंत तो व्हायला हवा असा मंडळींचा हट्ट. निळा पुठ्ठा, त्यावर साहेबांच्या मागणीप्रमाणे लाल बस. बस मी कापली. चाकं चार नकोत, मागची दुहेरी असतात, हे मी ठणकावून सांगितलं.

आत काय घालायचं? साताऱ्याचे कंदी पेढे न्यायची माझी फार इच्छा होती, पण युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. नियम म्हणजे नियम. निघतानाच पेढ्यांवर पाणी सोडलं होतं. राजगिऱ्याच्या वड्या होत्या, त्या घातल्या. मंडळींनी रुमालाला कोपऱ्यात नाव भरून दिलं. आणि मी माझी शिट्टी घातली.

ही शिट्टी मी कंडक्टर असल्यापासूनची. स्टँडवर गाडी मागे घ्यायची असते तेव्हा कंडक्टर मागे उभा राहून शिट्टी देतो. शिट्टी चालू आहे तोवर ड्रायव्हर मागे येतो, थांबली की ब्रेक. त्या छोट्या पितळी वस्तूवर माझं आणि माझ्यामागच्या भिंतीचं आयुष्य चाललं. साहेबांना तो खेळ मी शिकवला होता, घरातल्या खुर्चीची गाडी करून. सूनबाईंनी कोनात शिट्टी बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. "बाबा, खालच्या आजी..." मी म्हटलं, "रविवारी वाजवायची नाही, चार्जमध्ये लिहितो." लिहिलंही.

शेवटच्या रविवारी हायडेलबर्गला गेलो. किल्ला बघितला, नेकार नदीवरचा जुना पूल बघितला, गर्दी अफाट. मला तिथे जायचं होतं ते वेगळ्याच कारणासाठी. गुंथर सोंथायमर नावाचे जर्मन प्राध्यापक हायडेलबर्गला शिकवायचे. खंडोबा, बिरोबा, म्हसोबा, धनगरांच्या ओव्या यांच्यामागे त्यांनी महाराष्ट्राची वाडी-वस्ती पायाखाली घातली. १९९२ साली ते गेले. आमच्या जिल्ह्यातल्या पालीच्या खंडोबाची पौषातली यात्रा म्हणजे डेपोला घाम फोडणारं काम. जादा गाड्या, जादा कंडक्टर, परतीच्या प्रवाशांची रेटारेटी. आम्ही त्या यात्रेकडे गाड्यांच्या फेऱ्या म्हणूनच पाहायचो. आणि हा माणूस इथून, या लाल दगडांच्या गावातून, भंडाऱ्यात न्हायला तिकडे यायचा. विद्यापीठाच्या एका जुन्या इमारतीपुढे मी उभा राहिलो. ती त्यांचीच की दुसऱ्या कुणाची, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. 'येळकोट येळकोट' म्हटलं, हळूच. साहेबांनी 'जय मल्हार' खणखणीत म्हटलं. दोन पर्यटक वळून बघायला लागले.

सामानाचं फार सांगण्यासारखं नाही. प्रत्येकी २३ किलोची एक बॅग. येताना त्या पिठं-मसाल्यांनी फुगलेल्या होत्या, आता अर्ध्या रिकाम्या. मुलाने त्या चॉकलेटने भरल्या. गमीच्या अस्वलांची पाकिटं मंडळींनी परत काढून ठेवली, त्यात जिलेटिन असतं म्हणून. निघायच्या आदल्या दिवशी तळमजल्यावरच्या बाई वर आल्या, आलूबुखाराचा केक घेऊन. ऑगस्टात त्या फळाचा हंगाम असतो. त्यांनी मंडळींचा हात हातात घेतला आणि जर्मनमध्ये बरंच काही बोलल्या. मंडळी मराठीत बोलल्या. मुलगा भाषांतर करायला पुढे सरसावला, तर दोघींनीही त्याला हाताने थांबवलं.

त्या आठवड्यात दारावर पाटी आमचीच होती. मंडळींनी सकाळी उठून, बॅगा दारात असताना, जिना झाडला.

श्टुटगार्टचं मुख्य स्टेशन म्हणजे सध्या एक प्रचंड खड्डा आहे. जुनं सोळा फलाटांचं स्टेशन मोडून जमिनीखाली आठ रुळांचं नवं करायचं काम २०१० साली सुरू झालं. ते २०१९ ला पुरं व्हायचं होतं. अजून चाललंय. त्यामुळे फलाटावर पोचायला लांबचा वळसा घालावा लागतो. तिथून थेट गाडीने फ्रँकफर्टचा विमानतळ सव्वा तासावर. पण मुलाने गरजेपेक्षा दोन गाड्या आधीची तिकिटं काढली होती. जर्मनीत रेल्वे वेळेवर धावते हा आपल्याकडचा समज. २०२४ साली लांब पल्ल्याच्या फक्त साडेबासष्ट टक्के गाड्या वेळेवर पोचल्या, आणि पाच-साडेपाच मिनिटांचा उशीर ते उशिरात धरतच नाहीत. हे ऐकल्यापासून माझी त्या देशाशी जवळीक वाढली होती. आमची गाडी मात्र नेमकी वेळेवर आली. तासभर जास्त मिळाला असता तर मला चाललं असतं.

विमानतळावर साहेबांनी मला विचारलं, "आबा, तू शाळेत सोडायला का नाही येणार?" मी त्यांना खरं सांगितलं, की सरकारने ९० दिवस दिलेत आणि गणपती वाट बघतोय. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "गणपतीला घेऊन ये." मंडळी पाठमोऱ्या झाल्या. मुलगा बॅगेचा पट्टा घट्ट करत बसला, जो आधीच घट्ट होता. मला सवयीने घड्याळ बघावंसं वाटलं. सुटायची वेळ झाली की कंडक्टर दोनदा घंटी मारतो आणि विषय संपतो. इथे घंटी कुणी मारायची? सूनबाईंनी मारली. वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आई, बाबा, निघा आता. आत वेळ लागतो." शहाणी पोरगी.

पासपोर्टच्या खिडकीवरच्या तरुण पोलिसाने पानं उलटून येतानाचा शिक्का शोधला, मनातल्या मनात दिवस मोजले आणि दुसरा शिक्का मारला. दोन्ही शिक्के जवळजवळ सारखेच, बाणाची दिशा उलटी आणि बाहेर जातानाच्या शिक्क्याचे कोपरे गोल, एवढाच फरक. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडे शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. कागदावर शाईने मारलेला परतीचा पुरावा मिळालेल्यांपैकी आम्ही शेवटचे.

विमानाचं सांगण्यासारखं काही नाही. मंडळी झोपल्या, मी नकाशा बघत बसलो.

मुंबईत पहाटेची वेळ. पुतण्या गाडी घेऊन यायचं म्हणत होता, मी येऊ दिलं नाही. टॅक्सीने चेंबूरच्या मैत्री पार्कला आलो आणि सातारची एसटी धरली. मंडळी बऱ्याच बोलल्या, ते इथे लिहीत नाही. कंडक्टर पोरगा होता, अंगावर मशीन अडकवलेलं. मंडळींना महिला म्हणून अर्धं तिकीट, मला पासष्टच्या पुढचा म्हणून अर्धं. दोघांचं मिळून एक. आधार कार्ड दाखवलं. बॅगांवरची विमानाची पट्टी बघून त्याने विचारलं, "काका, कुठनं?" "जर्मनी." "मग एसटीनं कशाला?" मी म्हटलं, "वेळेवर जाते म्हणून." पोरगा इतका हसला की मागच्या सीटवरचे जागे झाले. खंबाटकीच्या घाटात पाऊस होता आणि काच नीट बसत नव्हती. मंडळींनी पदर डोक्यावर घेतला आणि विचारलं, "आत्ता तिकडे किती वाजले असतील?"

गणपती बसले, दीड दिवसांनी उठले. चॉकलेट प्रसादाच्या ताटात खिरापतीशेजारी ठेवलं होतं, ते पोरांनी आधी संपवलं.

सप्टेंबरच्या मध्याला, शाळेच्या दिवशी, मुलाने फोन टेकवून ठेवला आणि आम्ही इथून बघितलं. साहेब इस्त्रीच्या शर्टात, हातात बसवाला निळा कोन. कोन इतका मोठा की चेहरा अर्धाच दिसत होता. घरी येऊन उघडला. आधी राजगिरा वडी, मग रुमाल, मग शिट्टी. शनिवार असल्यामुळे सूनबाईंनी काही म्हटलं नाही. साहेबांनी ती वाजवत सोफा मागे घेतला आणि भिंतीच्या बरोबर अलीकडे थांबवला.

मी मुलाला विचारलं, बाटल्या नेल्यास का. तो म्हणाला, "नेतो हो बाबा, तीन पिशव्या झाल्यात." म्हणजे नाही. मंडळींनी फोन हातातून घेतला आणि फ्रीजरच्या मधल्या खणाची चौकशी केली. पुरण संपलंय. मसाला अर्ध्या चमच्याने चाललाय असं सूनबाई म्हणतात.

परवा मुलाचा फोटो आला. दाराचा. त्यावर पाटी लटकलेली आणि खाली लिहिलेलं, 'आपला आठवडा.' मी कळवलं, की कठड्याच्या खालून पुसून घे, त्या बाई तिथेच बोट फिरवतात.